छपराचा हिस्सा

गॉडीला चोर म्हणून पकडून द्यायचं की त्याला चोरी करू द्यायची, हे लीदीने कुंपणाशी उभ्या उभ्या ठरवलं. फार वेळ लागला नाही. दोन वर्षं मनात काही ठसठसत असलं की असले निर्णय झटकन होतात.

दुसऱ्या दिवशी मोजणी होती. डोंगरावरच्या त्या कुरणात सहा घरांच्या गाई उन्हाळाभर एकत्र चरतात, सगळ्यांचं दूध एकाच कढईत जातं, आणि सप्टेंबरात चीज वाटतात ते जुलैतल्या एका दिवसाच्या मोजणीवरून. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ मिळून ज्याच्या गाईंनी एकूण दुधाच्या जितके टक्के दूध दिलं, तितके टक्के चीज त्याचं. आदल्या संध्याकाळपासून धारा मालकांनीच काढायच्या. त्यावर पहारा नसतो, सगळा मामला विश्वासाचा.

आणि गॉडीने त्या संध्याकाळी धारा काढल्याच नव्हत्या. त्याच्या गाई तटतटलेल्या कासेने हंबरत उभ्या होत्या. संध्याकाळचं दूध कासेत राखलं की सकाळी जवळजवळ दुप्पट उतरतं, हे काय शेतकऱ्याला शिकवायला लागतं? त्या गाईंत फ्लोरी होती. लीदीला ओळखून ती कुंपणाशी आली आणि कण्हली.

फ्लोरी एकेकाळी लीदीचीच. दोन वर्षांपूर्वी लीदीचा नवरा केस्पर गेला, आणि त्याला पुरून दोन दिवस होतात न होतात तोच मोजणी आली. तिने दोन दिवसांची सवलत मागितली. कुरणाचा कारभारी म्हातारा मेल्क तयार होता. गॉडी उठून म्हणाला, "मोजणी म्हणजे मोजणी. गाई दुखवटा पाळत नाहीत." केस्परच्या हाताला सरावलेल्या गाई लीदीच्या नवख्या हाताला पान्हवल्या नाहीत. तिचे बाराचे आठ टक्के झाले. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण चार हजार किलोंचे चार टक्के म्हणजे एकशे साठ किलो चीज, तीन हजार फ्रँकांच्या वर. हिवाळ्यात चाऱ्यासाठी फ्लोरी विकावी लागली, आणि पडत्या भावात ती घेतली कोणी, तर याच गॉडीने.

आता ओरडलं असतं तर गॉडी सापडला असता. मग काय? दंड म्हणून एक चीजची चकती, थोडी थट्टा, आणि त्या थट्टेत तोही सामील. एवढ्यावर तो सुटावा हे लीदीला मान्य नव्हतं. तिची नजर सहा घरांच्या सामाईक चीज-कोठारावर गेली. हिवाळ्यात डोंगरावरून कोसळलेल्या हिमलोटाने त्याचं छप्पर नेलं होतं आणि वर निळी ताडपत्री फडफडत होती. विम्याचे पैसे धरूनही एक लाख वीस हजार फ्रँक कमी पडत होते. रविवारी त्याची वाटणी व्हायची होती, आणि सहा घरं, वीस-वीस हजार, असं सगळे धरून चालले होते.

तिने फ्लोरीच्या कपाळावरून हात फिरवला. "उद्यापर्यंत सोस बाई," म्हणाली आणि खाली वळली. हंबरणं तिला बराच वेळ ऐकू येत राहिलं.

मोजणीत गॉडीचे तीस टक्के आले. एरवी बावीस यायचे. बाकी पाचही घरांचं थोडं थोडं खाली गेलं आणि लोकांची तोंडं उतरली. मेल्कने आकडा दोनदा करून पाहिला. पहिला हात मिळवला तो लीदीने. यंदाचं गवत तुझ्या गाईंना चांगलं मानवलं, असं ती हसून म्हणाली. गॉडीने छाती फुगवली. आपली जनावरंच तशी जातिवंत, असं तो दिवसभर सांगत फिरला.

रविवारी खालच्या खाणावळीत सगळे जमले. मेल्कने सहा समान भागांचा विषय काढला, तशी लीदी उठली. कोठार कशासाठी असतं, तिने विचारलं. चीज ठेवायला. मग ज्याचं चीज जास्त, त्याने छपराला जास्त द्यावं. चार वर्षांत चार हप्ते, आणि प्रमाण यंदाच्या मोजणीचं, एकदा लिहिलं की लिहिलं. दरवर्षी घासाघीस नको.

"हे कधी झालंय?" गॉडी म्हणाला. "खर्च नेहमी घरटी असतो."

"छप्परही कधी उडालं नव्हतं," मेल्क म्हणाला.

बाकीचे मनात हिशेब करत होते. तीस टक्के म्हणजे छत्तीस हजार एकट्या गॉडीचे. म्हणजे प्रत्येकाचे वीसच्या खाली येत होते, आणि त्याच्या तीस टक्क्यांचा राग सगळ्यांच्या पोटात होताच. एकेक करत पाच हात वर झाले.

गॉडीचा आवाज चढला. एका दिवसाच्या मोजणीवर चार वर्षांचं ओझं टाकता, ती मोजणी तरी बरोबर कशावरून, असं तो बोलून गेला आणि बोलल्यावर थांबला.

"चुकलीय असं वाटतं तुला?" लीदीने अगदी मऊ आवाजात विचारलं. "मग उद्या पुन्हा मोजू. आज संध्याकाळच्या धारांना मी येते तुझ्यासोबत. फ्लोरी ओळखते मला."

गॉडीने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला काय माहीत आहे ते त्याला कळलं. मोजणी बरोबर आहे, असं तो म्हणाला. मेल्कने ते लिहून घेतलं आणि गॉडीने सही केली.

पहिला हप्ता भरायला त्याने दोन गाई विकल्या. पुढच्या जुलैत त्याने दोन्ही वेळच्या धारा चोख काढल्या. मेल्कने वाचून दाखवलं: गॉडी, चीज अठरा टक्के, छप्पर तीस. कोणीतरी हसलं. लीदीला वाटलं होतं, या घटकेला आपल्याला दया येईल. आली नाही. जेवण गोड लागावं तसं ते वाक्य तिला गोड लागलं.

परतताना गॉडीने तिला वाटेत गाठलं. तो रागात नव्हता, नुसता थकला होता.

"मी चोरी केली, कबूल. पण फ्लोरी त्या रात्री सारखी ओरडत होती. तू ऐकलंस आणि निघून गेलीस. केस्परची गाय होती ती. मग तू माझ्याहून वेगळी कोण गं?"

लीदी थांबली. हे तिने स्वतःला कितीदा तरी विचारलं होतं, आणि उत्तर तिला आवडत नव्हतं.

"ते माझं मी बघेन," ती म्हणाली. "तू हप्त्याच्या नऊ हजारांचं बघ. एक तारखेला भरायचेत."

आणि ती उतारावरून चालू लागली.