बिनवाटेच्या टेकड्यांतला पाण्याचा डबा

मित्रांनो, मी पाण्याचा एक जुना लोखंडी डबा आहे. वीस लिटरचा, पोचे पडलेला, कडी तुटलेला. सिनाईच्या वाळवंटात पांढऱ्या मातीच्या टेकड्या आहेत, तिथल्या एका खडकाच्या खोबणीत मी पडून असतो. मला शोधायला याल तर फसाल. इथे वाट नाही, पाटी नाही आणि एक घळ दुसरीसारखीच दिसते. मोठा पाऊस झाला की गेल्या वर्षीची घळही जागेवर राहत नाही.

मला घडवलं ते सैन्यासाठी. कुठलंसं युद्ध संपलं आणि सैनिक मला रस्त्याकडेला टाकून गेले. हमदान नावाच्या बदू, म्हणजे वाळवंटी टोळीतल्या, मेंढपाळाने मला उचललं, राख आणि वाळूने आतून तीन दिवस घासलं आणि उंटावर घालून इथे आणलं. विहीर इथून अर्ध्या दिवसाच्या चालीवर. आल्यागेल्याने गरजेपुरतं प्यावं, झाकण घट्ट लावावं आणि पुढच्या खेपेला भर घालावी, एवढाच इथला कायदा. चाळीस वर्षं तो कुणी मोडला नाही. एकदा चोरटा माल नेणारा एक लफंगा माझं पाणी प्यायला. साऱ्या मुलखाला टोप्या घालणारा तो माणूस, पण आठव्या दिवशी वाकडी वाट करून आला आणि मला काठोकाठ भरून गेला. बाया माझ्यावर हात फिरवून हमदानला दुवा द्यायच्या. तेव्हा माझी छाती फुगायची. आता त्याचीच लाज वाटते.

हमदान गेला आणि त्याचा मुलगा फरैज वाटाड्या झाला. कैरोहून शहरातली पोरं यायची. जिथे वाट नाही तिथेच चालायची त्यांना भारी हौस. आमची माणसं इथे शेळ्यांपायी चालतात, नाइलाजाने. असो.

त्या वसंतात आठ जण आले. पाठीवरच्या बाटल्या भरलेल्या होत्या. त्यांच्यातल्या नादीन नावाच्या मुलीला मी दिसलो. ती वाईट नव्हती हो. तिने विचारलंसुद्धा, "फरैजभाऊ, हे पाणी कुणाचं?"

बदूच्या तोंडून पाहुण्याला पाण्यासाठी नकार निघेल का? फरैज म्हणाला, "तुमचंच समजा."

"मग डोकं धुतलं तर चालेल?"

त्याचा चेहरा उतरला. मी पाहिलं ना. पण म्हणाला काय, "धुवा की. त्यात विचारायचं काय?"

झालं. डोकी धुतली, पाय धुतले, एकमेकांवर ओंजळी उडवल्या. थेंब राहिला नाही. पाहुणे पुढे गेल्यावर फरैजने मला झाकण लावलं आणि उद्या भरून जातो असं स्वतःशीच पुटपुटला. पण दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना आणखी एक घळ बघायची होती. तिथेही त्याला नाही म्हणता आलं नाही. त्यानंतर खमसीन सुटला, अंग भाजणारा तो गरम वारा, आणि तीन दिवस तंबूतून कुणाला बाहेर पडता येईना. या सगळ्यात तो घरी एका शब्दाने बोलला नाही. पाहुण्यांची चहाडी करायची नाही, ही रीत. आणि बापाचा डबा रिकामा पडलाय हे सांगायला तोंड कुठे होतं?

त्याची थोरली बहीण सबीहा चुकलेल्या शेळ्यांमागे आधीच बाहेर होती. वारा ओसरला त्या दुपारी सापडलेल्या शेळ्या घेऊन ती माझ्यापाशी आली. जवळ लहानशी पखाल, तीही कोरडी. जास्त पाणी घेतलं नव्हतं, कारण मी होतो. तिने मला उचललं आणि हातातच तिला कळलं. तरी झाकण काढलं, मला उलटं धरलं.

"असं कधी झालं नव्हतं," ती शेळ्यांना म्हणाली. शिवी नाही, शाप नाही. मला परत सावलीत नीट ठेवलं आणि भर उन्हात विहिरीकडे निघाली.

दुसऱ्या सकाळी फरैज पाणी घेऊन आला. खोबणीत शेळ्या उभ्या होत्या. मातीत बहिणीची पावलं होती. विहिरीच्या दिशेने दोन घळी ओलांडल्यावर ती सापडली. तिला उचलून त्याने माझ्या सावलीत आणलं आणि माझ्यासाठी आणलेलं पाणी तिच्या ओठांवर ओतत राहिला. ते आत जात नव्हतं, गालांवरून मातीत जात होतं.

पंचांसमोर त्याने कुणा पाहुण्याचं नाव घेतलं नाही. "मी रिकामा केला," म्हणाला. खोटं तरी कसं म्हणू?

तेव्हापासून मी कायम भरलेला असतो, पण आता माझ्या भरवशावर कुणी घर सोडत नाही. पुढच्या हिवाळ्यात तीच मंडळी आली. इथेच बसून भाकरी खाताना नादीनने विचारलं, "तुझी बहीण दिसली नाही यंदा?"

"वारली. तहानेने."

"अरेरे. जवळपास पाणी नव्हतं?"

फरैजने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहून म्हणाला, "नव्हतं."

तिचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. मला जीभ असती तर तेव्हा ओरडलो असतो.

मित्रांनो, पाहुणे म्हणून कुठेही जा, पण देणाऱ्याला 'नाही' म्हणता येत नसेल, तर ते 'नाही' तुम्ही म्हणा. तुम्ही काय सांडून आलात, हे तुम्हाला तिथे कुणी सांगणार नाही.