रुखवतातला स्वेटर

आमच्या हिंगोलीकडे थंडी पाहुण्यासारखी येते, आठ-दहा दिवस राहून जाते. तरी धाकट्या जाऊबाईंना, केशरबाईंना, लेकीच्या रुखवतात स्वेटर हवा होता. तोही वैशाखातल्या लग्नात! वसमतच्या कुठल्याशा लग्नात त्यांनी तो पाहिला होता. साधा नको, समोर बटणं आणि अंगभर वेण्यांची वीण असलेला. त्या लेकीला, ज्योतीला, सुई कुठल्या टोकाने धरतात तेही ठाऊक नाही. म्हणजे काम आलं माझ्याकडे.

तीस वर्षं विणतेय मी. साखऱ्यापासून बाळापूरपर्यंत बायका म्हणतात, साधनाबाईंचा टाका चुकत नाही. मला ते ऐकायला आवडतं. का नाही आवडणार?

हा स्वेटर खालून वर विणायचा. आधी कमरेची पट्टी, मग काखेपर्यंत अंग, वेगळ्या विणलेल्या बाह्या तिथं जोडायच्या आणि गळ्याशी संपवायचं. माझी पट्टी झाली आणि केशरबाई पुठ्ठ्याची पाटी घेऊन आल्या. चमकीने लिहिलं होतं, ‘चि. सौ. कां. ज्योतीने स्वहस्ते विणलेला.’

“असं काहून?” मी विचारलं.

“रीतच हाय, बाई. पोरीच्या नावानंच मांडतेत समदं.”

माझं डोकं सणकलं. वेणी पाडताना तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरायचे आणि पुढचे तीन आधी विणायचे. डावीकडच्या वेणीत मी ते एकदा मुद्दाम मागे धरले. एकच पीळ उलटा पडला, जाणत्या बाईला दिसेल एवढा. होऊ दे म्हटलं ‘स्वहस्ते’ची शोभा!

काखेपर्यंत पोचले तेव्हा राग उतरला होता. लेकराचा काय दोष? त्या वेणीचे टाके तेवढे खालपर्यंत सोडून पुन्हा चढवता येतात. सोडणार तेवढ्यात ज्योती आली, माझ्या हातातल्या सुया घेऊन विणत असल्याचा फोटो काढला आणि निघून गेली. पीळ तसाच ठेवला.

लग्नात ऊन बेचाळीस अंशांचं. रुखवतात थर्माकोलचं सिद्धेश्वर धरण, नवरा-नवरी बनवलेले दोन नारळ आणि मधोमध माझा स्वेटर. विहीणबाई रुख्मिणीबाई चष्मा लावून बघत आल्या. स्वेटर उलटा करून टाके तपासू लागल्या, तेव्हाच कळलं की बाई जाणकार आहे. बोट बराबर त्या पिळावर थांबलं. खरं सांगते, मला थोडा आनंदच झाला.

“हे बघा,” त्या सगळ्या बायकांना म्हणाल्या, “पीळ उलटा पडला. म्हंजे पोरीनं सोताच विणलंय. न्हाई तर आजकाल दुसऱ्याकडून करून घेतेत आन् पाट्या लावतेत. मुरलेल्या हाताकडून असं चुकलं नसतं.”

त्यांनी ज्योतीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. केशरबाईंचा आनंद मंडपात मावेना.

स्वेटर माझा आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण स्वेटर माझा म्हणायचा तर तो पीळही माझाच. आणि मुद्दाम पाडला म्हणावं, तर भर मंडपात माझंच तोंड काळं. रडू येईल इतका संताप आला, तोही स्वतःचाच.

“तुमाला येतं का हो विणायला?” रुख्मिणीबाईंनी मलाच विचारलं.

“न्हाई, बाई. मला कुठलं जमतंय!”

“मंग शिका की आमच्या सुनंकडून.”

ज्योतीने पदर सावरला. “शिकवते की मोठ्याईला,” ती म्हणाली.