अकरा वाजताचं दव

नणंदेचं इलेक्ट्रॉनिक सर्किटचं कार्ड चाचणीत दुसऱ्यांदा नापास झालं, तेव्हा भावजयीनेच अहवालावर सही केली. त्या संध्याकाळी दोघींनी एकमेकींकडे पाठ करून भाजी निवडली. घरात नातं असलं तरी कारखान्यात एक कार्डाची आखणी करणारी आणि दुसरी चाचणी घेणारी. तिसऱ्यांदा नापास झालं तर काम दुसऱ्या गटाला देणार, असं साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं.

"तुझी पेटीच माझ्यावर खार खाऊन आहे, वहिनी," तिसऱ्या चाचणीच्या सकाळी नणंद म्हणाली.

"पेटीला नणंद नाही," म्हणत भावजयीने पेटीचं दार घट्ट लावलं.

कपाटाएवढ्या त्या पेटीत कार्ड उणे चाळीस अंशांपर्यंत गार करायचं आणि मग तापवायचं. गार कार्डाला बाहेरची दमट हवा लागली की त्यावर दव धरतं आणि आकडे भरकटतात. म्हणून आत सतत कोरडी हवा सोडलेली असे; तिच्या दाबामुळे केबलच्या भोकातून बाहेरची हवा शिरत नसे. प्रवाह किती आहे ते पेटीमागच्या काचेच्या नळीत तरंगणारी गोळी दाखवी. भावजय त्या गोळीकडे चाचणी सुरू करताना एकदाच बघे. तिथे सगळेच एकदाच बघत.

आज मात्र ती स्टूल घेऊन पेटीमागेच बसली. दोन्ही वेळा आकडे बिघडले ते पेटी तापायला लागल्यावर, अकराच्या सुमारास. नंतर टेबलावर तपासलं तर कार्ड ठणठणीत. हे काही केल्या तिच्या गळी उतरत नव्हतं.

अकराला पाच मिनिटं असताना गोळी घसरली आणि तळाशी जाऊन बसली. भिंतीपलीकडून फुस्स फुस्स आवाज येत होता. तिने चाचणी थांबवली आणि तडक शेजारचं वर्कशॉप गाठलं. तिथे चौघं जण एअर गनने एकमेकांच्या कपड्यांवरचा लोखंडाचा कीस उडवत होते.

"या ताई, चहाला?" फोरमन म्हणाला. "आम्ही आपले रोज नटूनथटून जातो."

"ही हवा कुठून येते हो?"

"तुमची येते तिथूनच. कॉम्प्रेसर एकच आहे ना."

"मग तुमचं नटणं माझ्या नणंदेला भोवतंय!"

साहेबांनी ऐकून भुवया उंचावल्या. "नणंदेचं कार्ड आहे म्हणून तर नाही ना हे?"

तिने साहेबांना पेटीमागे उभं केलं आणि फोरमनला हाक मारली, "मारा गन!" गोळी खाली. "थांबा!" गोळी वर. मग तिने पेटीच्या काचेतून बॅटरीचा झोत आत टाकला. कार्डावर बारीक थेंब चमकत होते.

"कॉम्प्रेसरच्या हवेऐवजी कोरड्या नायट्रोजनचं सिलिंडर लावा," साहेब म्हणाले.

कार्ड सुकवून दुसऱ्या दिवशी चाचणी पहिल्यापासून घेतली. नायट्रोजन खोलीत साठू नये म्हणून खिडक्या उघडून ठेवल्या, त्याचं वेगळं सिलिंडर जोडलं आणि दर पंधरा मिनिटांनी गोळीची नोंद केली. अकरा वाजले, बारा वाजले. आकडे जागचे हलले नाहीत. संध्याकाळी कार्ड पास झालं.

भावजयीने आधीचे दोन्ही अहवाल रद्द केले आणि कारण लिहिलं: 'कार्डात दोष नव्हता. कोरड्या हवेचा प्रवाह मी फक्त सुरुवातीला पाहिला.'

नणंदेने ते दोनदा वाचलं. "दादाला सांगते, वहिनीने माझी माफी मागितली."

"मी कधी मागितली?"

"मग हे काय आहे? तेही सहीनिशी!"

"अहवाल आहे तो. आण इकडे," म्हणत भावजयीने कागद ओढून घेतला आणि हसू दाबत साहेबांच्या खोलीकडे निघाली.