बुझावनीआजीचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. नेपाळगंजच्या बाजारातून सोनकलीदिदींनी मला घेतले, तेव्हा वाटले होते, आता आपल्या पोटात गाणी भरणार. पण दिदी सायकलवरून गावोगाव फिरत आणि ज्यांची माणसे वर्दीवाल्यांनी माओवादी ठरवून उचलून नेली, त्यांच्यापुढे मला ठेवत. ती माणसे दबक्या आवाजात बोलत आणि मी आतून थरथरत असे.

एकदा बर्दिया जिल्ह्यातल्या एका गावात बुझावनीआजी बोलत होती. तिच्या लेकाला भाताच्या खाचरातून नेले होते. कोणी नेले, कोणी पाहिले, सगळी नावे तिने थारू बोलीत सांगितली. ती थांबली आणि अंगणात वर्दीवाल्यांची गाडी येऊन उभी राहिली.

साहेबाने मला उचलले. "हे काय?"

"गाणी गोळा करते, साहेब."

"अस्सं? मग आम्हालाही ऐकू दे की!"

त्याने फीत मागे घेऊन बटण दाबले. मला गप्प राहता येईना. आजीचा आवाज अंगणभर झाला. साहेब डोंगराकडचा, त्याला थारू कळत नव्हते.

"हे गाणं? ए चौधरी, तू इकडचाच ना? काय म्हणतेय म्हातारी?"

एक मिशाळ शिपाई जवळ आला. आजी नेमकी पाहणाऱ्यांची नावे घेत होती. शिपायाने सगळे ऐकले आणि तो साहेबाकडे वळला.

"तांदळाच्या पिठाची ढिकरी कशी वाफवायची ते सांगतेय, साहेब. मधूनमधून सुनेला शिव्या. कुणाकुणाच्या सुना चांगल्या, त्यांची नावं घेतेय."

"घरोघरी तीच रड!" साहेब हसला आणि मला खाटेवर फेकून निघून गेला. माझे झाकण तडकले.

दिदी खाली बसल्या. कॅसेट आजीनेच काढली. "ऊठ ग पोरी," ती म्हणाली, "अजून दोन घरं राहिलीत."

पुढे दिदी संसदेवर निवडून आल्या. भर सभेत त्या बेपत्ता माणसांची नावे वाचत. मग धमक्यांचे फोन येत. दिदी दाराला कडी घालत, खिडकीशी जात नसत, आणि सकाळी पुन्हा सभेत उभ्या राहत. आजीचा लेक मात्र सापडला नाही. आजीही गेली.

आता मी कपाटात आहे. इथे मला ओलाव्याची भीती वाटते. कॅसेटींवर बुरशी चढते आहे. मित्रांनो, मला नुसते पुसून ठेवू नका, बटण दाबून शेवटपर्यंत ऐका. आजी शेवटी लेकाला तीनदा हाक मारते. तिसरी हाक आता ऐकू येत नाही.