बारावी खुर्ची

अम्पारोने खुर्ची उचलून जेवणाच्या लांब टेबलावर उलटी ठेवली, म्हणजे मोडका पाय सगळ्यांना नीट दिसावा.

"भूकंपात मोडली. वडील सांगायचे," ती म्हणाली. "बारांतल्या अकरांचा खर्च कोणी ना कोणी उचलला. या बिचारीलाच कोणी वाली नाही."

मनिलाहून आलेली मंडळी हसली. सिलाय गावाजवळचं, उसाच्या मळ्यावरचं हे माहेरचं घर पुन्हा उभं करायला अम्पारोने कंबर कसली होती. छप्पर झालं, खिडक्यांची शिंपल्यांची तावदानं बसत आली. आता सामानाची पाळी होती. एकेका खुर्चीचा खर्च एकेकाने उचलायचा, तिच्या पाठीवर नावाची पितळी पट्टी मिळवायची. सत्तरी गाठली तरी तिचा शब्द सहसा कोणी खाली पडू देत नसे, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ती मी घेतो," मागून आवाज आला.

साठी उलटलेला, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस होता. लेओन्सिओ. जन्मभर जहाजांवर इंजिनिअर, आता गावी परतलेला. मंडळी पियाया, म्हणजे गुळाच्या पोळ्या, खायला व्हरांड्यात गेली, तसा तो पुढे आला आणि तुटक्या पायावरून त्याने अंगठा फिरवला.

"पट्टीवर काय नाव घालू?"

"इनोसेन्सिओ. माझे वडील. तुमच्या मळ्यावर सुतार होते. या बाराही त्यांच्याच हातच्या."

"मग तर सोन्याहून पिवळं! बघाच, कशी नवीकोरी करून घेते."

"तेवढं करू नका, बाईसाहेब. पैसे पूर्ण देतो. हिला हात लावू नका."

"मोडकीच मांडू? लोक म्हणतील, बाईने पैसे खाल्ले."

तो हसला नाही. "भूकंप नव्हता तो. आई अडली होती. सुईणीने हात टेकले. बाबा गाडी मागायला इथे आले. तुमचे वडील म्हणाले, जेवण होऊ दे. बाबा उभे राहिले थोडा वेळ. मग ही उचलली आणि फरशीवर आपटली."

"आणि गाडी?"

"निघाली की. मी वाटेतच झालो, गाडीत." त्याचा अंगठा पुन्हा तुटक्या पायावर गेला. "बाबांचं काम गेलं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. खुर्चीसाठी मात्र हळहळायचे."

अम्पारोला आपल्या वडिलांचं जेवण आठवलं. वडील मासा फार सावकाश खायचे, एकेक काटा बशीच्या कडेला लावत. तिने खुर्ची खाली उतरवली, टेबलाच्या वरच्या टोकाला नेली आणि तीन पायांवर, टेबलाच्या कडेला टेकवून उभी केली. तोल जातोय का ते हाताने धरून पाहिलं.

मंडळी हात पुसत आत आली. "अगं बाई, मालकांच्या जागी ही मोडकी?" एकीने विचारलं.

"बसा सगळे," अम्पारो म्हणाली. ती स्वतः उभीच राहिली. "सांगते."