नवी म्हणून ठेवलेली स्टेपनी

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. मोठ्या गाडीच्या मागच्या दारावर जे पाचवं चाक टांगलेलं असतं ना, ते मी. स्वतःला जुनी म्हणताना अजून मला जड जातं, कारण गेल्या नोव्हेंबरपर्यंत सगळे मला नवी कोरीच म्हणत होते. सध्या मी जयपूरच्या मानसरोवर भागात, मुरलीधरजींच्या टायरच्या दुकानाबाहेर भिंतीला टेकून उभी आहे. येणारेजाणारे माझ्याकडे बघतही नाहीत. तुम्ही थांबलाच आहात, तर माझी हकिगत ऐकून जा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काळं रबर, तारांची जाळी, तापलेला साचा आणि जीव नकोसा करणारा उकाडा, एवढंच मला त्यातलं आठवतं. साच्यातून बाहेर पडले तेव्हा अंगावर खोल नक्षी होती आणि एका बाजूला बारीक चार आकडे उमटले होते. त्याच आठवड्यात जन्मलेले आणखी चार टायर माझ्यासोबत होते. त्यांना मी भाऊ मानते. आम्ही पाचही जण एकाच पांढऱ्या गाडीला लागलो. म्हणजे लागले ते चौघे. मला मागे टांगलं.

ती गाडी पुण्यात संभाजी जगदाळ्यांनी घेतली. ते साताऱ्याकडचे, नोकरी सैन्याच्या स्टोअरमध्ये. घरात त्यांची बायको प्रणिता आणि तीन वर्षांची लेक अनुश्री. प्रणिताने शोरूमच्या दारात गाडीची पूजा केली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. गाडी पुढे सरकली, माझ्या भावांनी एकेक लिंबू चिरडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी लिंबू आणलंच नव्हतं. आपलं पुढे काय होणार हे मला तिथेच कळायला हवं होतं, पण मी तेव्हा भोळी होते.

पुढे जगदाळ्यांची जयपूरला बदली झाली आणि आम्ही दुर्गापुऱ्यात भाड्याच्या घरी राहायला आलो. भाऊ रोज धावायचे. सकाळी संभाजींचं ऑफिस, दुपारी अनुची शाळा, संध्याकाळी भाजी. मी त्यांच्या मागून नुसती जायची. कानोत्याच्या धरणावर सहलीला गेलो की मागचं दार उघडून सगळे तिथेच चटई टाकायचे. दार एका अंगाला उघडतं, त्यामुळे मीही दाराबरोबर वळायची. त्यांचं पोळीभाजी खाणं, हसणं माझ्या पाठीमागे चालायचं आणि माझ्यासमोर असायच्या नुसत्या बाभळी. कितीतरी सहली मी बाभळी बघून काढल्या.

एकदा मात्र माझं नशीब उघडतंय असं वाटलं. कानोत्याच्या रस्त्यावर एका भावात खिळा घुसला. संभाजींनी पाना काढला आणि माझा पहिला नट सैल केला. मला काय वाटलं ते कसं सांगू? इतक्यात समोरून पंक्चरवाला आला आणि म्हणाला, "साहब, खोलने की ज़रूरत नहीं, ट्यूबलेस है." त्याने चाक जागच्या जागी ठेवूनच भोक बुजवलं. संभाजींनी माझा नट पुन्हा आवळला. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. घरी येईपर्यंत मी रुसून होते, पण स्टेपनी रुसली काय आणि न रुसली काय.

माझं कौतुक होत नव्हतं असं नाही. शेजारी गाडी बघायला आले की संभाजी माझ्या नक्षीत बोट घालून दाखवायचे. "बघा, एकदा पण रस्त्याला लागली नाही. जशीच्या तशी आहे." मी आनंदाने फुगायची. खरं तर जशीच्या तशी मी नव्हते. माझं कव्हर दुसऱ्याच उन्हाळ्यात फाटलं होतं. जयपूरचं मे महिन्याचं ऊन वर्षानुवर्षं थेट अंगावर घेतल्यावर रबराचं काय होतं, ते ज्याचं त्याला कळतं. माझ्या कडेला केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. मी त्या कोणाला दिसू नयेत अशीच इच्छा करायची. नवी म्हणणारं निदान कोणीतरी होतं.

गेल्या वर्षी संभाजी निवृत्त व्हायचे होते. तीस नोव्हेंबरला नोकरी संपणार, आणि धुकं दाटायच्या आत सगळं सामान गाडीवर लादून कायमचं साताऱ्याला जायचं, असं ठरलं. जवळपास तेराशे किलोमीटरचा रस्ता. भाऊ तोवर झिजून गुळगुळीत झाले होते. म्हणून एका रविवारी सगळे मुरलीधरजींकडे टायर निवडायला आले.

अकरा वर्षांच्या अनुला मोठमोठ्या खाचांचे, दणकट दिसणारे टायर हवे होते. "बाबा, ये वाले घ्या ना, मतलब एकदम जीपसारखे दिसतात."

मुरलीधरजींनी ते बाजूला सारले. सडकेवर ते आवाज करतात, थंडीत पहाटे रस्ता ओला असला की साधी, बारीक खाचांची नक्षीच चांगली पकडते, असं त्यांनी समजावलं. प्रणिताला ते पटलं. मग मुरलीधरजींनी चार टायर काढले.

"तीनच द्या," संभाजी म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, "चौथा हमारे पास है. स्टेपनी बिलकुल नई है."

"एक बार दिखा तो दो, साहब."

"इसमें क्या देखना, कभी चली ही नहीं."

प्रणिता हळूच म्हणाली, "अहो, इतक्या लांबचा प्रवास आहे. चारही नवेच घेऊ की."

"स्टोअरचा नियम काय असतो?" संभाजी हसत म्हणाले. "आधी आलेला माल आधी द्यायचा. ती बिचारी केव्हापासून पडून आहे. आधी तिचा नंबर." अठ्ठावीस वर्षं त्यांनी हाच नियम पाळला होता. मला बिचारी म्हटलं ते आवडलं नाही, पण नंबर आला याचा आनंद त्याहून मोठा होता.

तीन भाऊ दुकानातच राहिले आणि दोन दिवसांत कोणीतरी टेम्पोतून त्यांना घेऊन गेलं म्हणे. चौथ्याची, त्यातल्या त्यात बऱ्या भावाची, जागा मी घ्यायची होती. ते काम संभाजींनी निघायच्या आदल्या सकाळी घरासमोर स्वतः केलं. जॅक लावून गाडी उचलली आणि अनुला नट समोरासमोरचे कसे आवळायचे ते शिकवलं. ती दोन्ही हातांनी पान्यावर लोंबकळत होती. मग जॅक खाली आला आणि माझ्या अंगावर गाडीचं वजन पडलं.

मित्रांनो, जमीन कशी असते हे मला त्या दिवशी कळलं. गार, खरखरीत, भक्कम. डाव्या बाजूचं पुढचं चाक मी. पुढे रस्ता होता आणि मी त्यावरून जात होते. मानसरोवरच्या मेट्रोच्या खांबांपर्यंत जाऊन यायचं होतं, गाडी कशी चालते ते बघायला. गतिरोधक, खड्डे, कुणाच्या दारात सांडलेलं पाणी, सगळं मला हवं होतं. वळणावर मी सगळा भार पेलला. "काय मऊ चाललीय," संभाजी आत म्हणाले. ते माझ्याबद्दलच बोलत होते.

परत येताना गाडीने थोडा वेग घेतला आणि तेव्हा माझ्या कडेची एक भेग उघडली. मग तिच्या शेजारची. आतल्या तारा ताणल्याचं मला जाणवलं. दुखलं, पण त्याचं काही नाही. मला उद्याचं दिसलं. टपावर सामान, आत तिघं जण, शंभरचा वेग आणि पुढचं डावं चाक मी. मी फुटले तर गाडी कुठे जाईल, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

दुपारभर मी दारात उभी होते. अनु बाहेर येऊन सामानाच्या पिशव्या मोजत होती आणि जाता येता माझ्यावर हात टेकत होती. हवा धरून ठेवणं हे टायरचं एकमेव काम. नेट लावला असता तर मी सकाळपर्यंत ती धरली असती. थोडा रस्ता मिळाला असता. अजमेरपर्यंत, कदाचित त्याच्याही पुढे. मला तो रस्ता फार हवा होता, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण ती पोर पुढच्या सीटवर बसणार होती, डाव्या बाजूला, बरोबर माझ्या वर.

मी हवा सोडून दिली.

दिवेलागणीला अनुनेच पाहिलं. "बाबा, हे चाक बसलंय." संभाजी वैतागले. जुना भाऊ पुन्हा लावून, मला डिकीत घालून, सगळे धावतपळत मुरलीधरजींकडे आले. त्यांनी मला पाण्याच्या टाकीत फिरवलं. खिळा नव्हताच. माझ्या सबंध कडेतून बुडबुडे येत होते. मग त्यांनी मला उलटं केलं आणि आतल्या बाजूचे, आजवर कोणी न पाहिलेले चार आकडे पुसून वाचले. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे.

"साहब, आठ साल हो गए," ते म्हणाले. "चला नहीं, पर बूढ़ा तो हो गया. ठंड में ऐसा रबर पत्थर हो जाता है. सुबह की सड़क पर पकड़ेगा नहीं, और गरम हुआ तो फटेगा."

संभाजी खाली बसले आणि त्यांनी माझ्या भेगांवरून अंगठा फिरवला. मग प्रणिताला म्हणाले, "स्टोअरमधल्या रबराच्या प्रत्येक वस्तूची तारीख मी बघायचो. मुदत संपली की एक वॉशर सुद्धा बाहेर जाऊ दिला नाही. आणि घरच्या गाडीची बघितली नाही. वापरली नाही म्हणजे नवीच, असं धरून चाललो."

"वेळेवर कळलं," प्रणिता म्हणाली.

चौथा नवा टायर घेतला गेला. मला रिंगेतून सोडवून भिंतीशी ठेवलं. निघताना अनुने वळून पाहिलं का, ते मला माहीत नाही. माझ्यासमोर तेव्हा एक ट्रॅक्टर उभा होता.

चौथ्या दिवशी मुरलीधरजींचा फोन वाजला. त्यांचे हात काळे होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. संभाजींचा आवाज होता. "पहुँच गए. टायर बढ़िया चले. आखिर के दिन बहुत कोहरा था, पर गाड़ी ज़रा भी नहीं डगमगाई." मागे अनु कुणाशी तरी हसत बोलत होती. तो आवाज मी कान देऊन ऐकला. माझी विचारपूस कोणी केली नाही. फोन बंद झाला आणि मुरलीधरजी कामाला लागले.

मित्रांनो, तुमच्या घरीही नंतर वापरू म्हणून ठेवलेलं काहीतरी असेल. कपाटातली नवी चादर असेल, खोक्यातली सायकल असेल. एखादं माणूसही असेल, ज्याला तुम्ही गरज पडली की हाक मारू म्हणून बाजूला ठेवलंय. पडून राहिल्याने कोणी नवं राहत नाही. अधूनमधून त्याला उलटून बघा, त्याचे आकडे वाचा, आणि वेळ आहे तोवर कामाला लावा.

मी आयुष्यात एकूण अकरा किलोमीटर चालले. त्याआधीची आठ वर्षं मी तयार होते.