नावापुढची जागा

अमेरिकेतल्या बॉथेल गावाच्या उत्तरेला एक लहानसं शहर आहे. तिथल्या सिटी हॉलमध्ये वर नगरपरिषदेचं सभागृह आहे आणि खाली भाड्याने मिळणारा हॉल. खालच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती बसतो. गेली अकरा वर्षं त्याच्या नैवेद्याचे मोदक रेणू करते. माहेरी तिने उकडीचे मोदक कधी पाहिलेही नव्हते. इथे येऊन, व्हिडिओ बघून, हात पोळून घेत ती शिकली.

मंडळाच्या यादीत तिचं नाव ‘रेणू मनोहर’ एवढंच आहे. ही युक्ती नवऱ्याची, मनोहरची. पुण्याहून आणलेल्या स्टीलच्या मोदकपात्रावरही तिने तेवढंच नाव घालून घेतलं होतं.

गणपतीच्या आधीच्या शनिवारी मंडळाचे अध्यक्ष एकनाथकाका मोदकपात्र हॉलवर न्यायला आले.

“जातीवरून भेदभाव करायला बंदी, असा कायदा मंगळवारी काउन्सिलपुढे येतोय,” काका म्हणाले. “म्हणजे आपण इथे असलं काही करतो, असं जगाला सांगायचं. रेणू, तुझं इंग्लिश छान आहे. तू बोल. म्हण, अकरा वर्षांत मला कुणी जात विचारली नाही.”

ते अक्षरशः खरं होतं. विचारायची वेळच तिने कुणावर येऊ दिली नव्हती.

काका गेल्यावर मनोहर म्हणाला, “बोल आणि मोकळी हो. तीन मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

“आणि खोटं बोलू?”

“अगं, इथे आपल्याला दुसरं कोण आहे? नीना झाली तेव्हा महिनाभर डबे ह्याच लोकांनी दिले ना?”

“रेणू मनोहरला दिले,” ती म्हणाली.

मंगळवारी सभागृह भरलं होतं. रेणू मंडळाच्या रांगेत, रेखाकाकूंच्या शेजारी बसली. आधी सिद्धेश नावाचा एक तरुण इंजिनियर बोलला. ऑफिसातल्या एकाने मस्करीत त्याच्या पाठीवर हात फिरवला होता. जानवं लागतंय का, ते चाचपत होता. लागलं नाही, आणि त्यानंतर त्याला लंचला कुणी बोलवलं नाही. सांगताना त्याचा आवाज फुटला.

“नाटकं,” एकनाथकाका मराठीत पुटपुटले. “ह्यांना कितीही द्या.”

रांग हसली. सवयीने रेणूही हसली.

त्या हसण्याची तिला किळस आली. अकरा वर्षं आपण नुसते लपलो नाही, ह्यांच्यासारखं हसायलाही शिकलो, हे तिला त्या क्षणी कळलं.

क्लार्कने नाव पुकारलं. ती माइकपाशी गेली आणि बोलायची वेळ सुरू झाल्याचा हिरवा दिवा समोर लागला.

“माझं पूर्ण नाव रेणू मनोहर सोनकांबळे,” ती इंग्रजीत म्हणाली. “आडनावाची नोंद करा. अकरा वर्षांत मला कुणी जात विचारली नाही, कारण मी हे आडनाव लपवलं. आता मुलीला लपवायला शिकवते आहे. आत्ता जो मुलगा बोलला, तो खरं बोलला.”

एवढंच बोलून ती जागेवर आली. दोघींच्या खुर्च्यांमधल्या दांडीवरचा आपला हात रेखाकाकूंनी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

कायदा चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला.

गुरुवारी सकाळी दाराशी मोदकपात्र होतं. फोनवर काकांचा मेसेज होता: ‘ह्या वर्षी केटरिंग करतोय. तुला त्रास नको.’ पुढे हात जोडलेले. भांडं इतकं घासलं होतं की अकरा वर्षांचे डाग गेले होते. वरच्या सभागृहात काहीही मंजूर होवो, हे घासणं कुठल्या कलमात बसवायचं? आणि तुमच्याआमच्या घरी चहाचा वेगळा कप ठेवला जातो, तो कुठल्या?

“आई, व्हाय डिड दे गिव्ह इट बॅक?” नऊ वर्षांच्या नीनाने विचारलं.

मनोहर उठला, गॅरेजमधून खिळा आणि हातोडी घेऊन आला आणि रेणूसमोर ठेवून पुन्हा खुर्चीत बसला.

रेणूने भांडं मांडीवर पालथं घेतलं. ‘रेणू मनोहर’च्या पुढे जागा होती. खिळा ठोकत, ठिपक्याठिपक्याने ती अक्षरं काढू लागली, आणि प्रत्येक अक्षर नीनाकडून मोठ्याने वाचून घेऊ लागली.